ल्युटेशियमचा नैसर्गिक किरणोत्सर्ग कसा मोजावा

ल्युटेशियमचा छोटासा तुकडा गायगर काउंटरच्या खिडकीपाशी नेला की टकटक वाढते आणि नवख्याला वाटते, झाले मोजून. खरे काम तिथून पुढे सुरू होते. त्या टकटकीत खोलीच्या भिंती, हवेतला रेडॉन हा किरणोत्सारी वायू, अवकाशातून येणारे किरण असे सगळे मिसळलेले असते. नमुना इतका दुबळा आहे की ही मोजणी म्हणजे बव्हंशी वजाबाकीच. ती वजाबाकी कशी करायची, कुठे फसते आणि का फसते, ते इथे क्रमाने दिले आहे.

ल्युटेशियमच का

दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांपैकी नवख्याच्या आवाक्यात येतील अशी तीनच. लॅन्थेनममध्ये लॅन्थेनम-१३८ असते, पण जेमतेम ०.०९ टक्के, ग्रॅममागे सेकंदाला एक विघटनसुद्धा धड होत नाही. समॅरियम कागदावर सगळ्यांत तगडे दिसते, ग्रॅमला सुमारे १२४ बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन). पण समॅरियम-१४७ फक्त अल्फा कण सोडते आणि तेही अवघ्या २.२५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचे. हे कण हवेत सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटरवर थांबतात. गायगर नळीची अभ्रकाची खिडकी कितीही पातळ म्हटली तरी दीड-दोन सेंटीमीटर हवेइतका अडथळा करते, त्यामुळे काउंटर समॅरियमपुढे ढिम्म बसून राहतो. तो बिघडला असे समजून नळी बदलणारे कमी नाहीत.

ल्युटेशियम मात्र बोलते. त्यातला २.६ टक्के भाग ल्युटेशियम-१७६ हा समस्थानिक असतो. तो बीटा कण सोडून हॅफ्नियम-१७६ होतो आणि पाठोपाठ ३०७, २०२ आणि ८८ केईव्हीचे (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) गॅमा किरण एकामागोमाग एक बाहेर पडतात. शंभर विघटनांमागे ३०७ चा किरण सुमारे ९४ वेळा, २०२ चा ७८ वेळा आणि ८८ चा १४-१५ वेळा मिळतो. एक ग्रॅम शुद्ध ल्युटेशियमची किरणोत्सारिता सुमारे ५२ बेकरेल. हा आकडा पाठच करून ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर आहे.

नमुना

नमुना तीन रूपांत मिळतो. धातूचा तुकडा हाताळायला सोपा, पण फार दाट असतो: घन सेंटीमीटरला ९.८ ग्रॅम. ऑक्साइडची पांढरी पूड सर्वांत स्वस्त पडते. तिच्या वजनाचा ८८ टक्के भाग ल्युटेशियम, म्हणजे ग्रॅमला ४६ बेकरेल धरा. तिसरे रूप म्हणजे एलवायएसओ (ल्युटेशियम-यट्रियम सिलिकेट) स्फटिक. पेट स्कॅनरच्या डिटेक्टरमध्ये हेच स्फटिक बसवतात. त्यात ग्रॅमला ४० बेकरेलच्या आसपास सापडतात, पण ल्युटेशियम आणि यट्रियमचे प्रमाण प्रत्येक उत्पादकाचे वेगळे. म्हणून वर्णपटातली शिखरे (ठरावीक ऊर्जेच्या किरणांचे उंचवटे) ओळखण्याचा सराव करायला स्फटिक उत्तम, बेकरेल काढायला पूड बरी.

सुरुवातीला ९९.९ टक्के शुद्धतेचे १० ग्रॅम ऑक्साइड पुरे. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. पूड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड थोडा थोडा ओढून घेते, म्हणून बाटली घट्ट बंद ठेवा. उघडी राहिलेली पूड वजनाला जास्त भरते आणि ग्रॅममागचा आकडा नाहक कमी येतो.

बाहेरून होणारा किरणोत्सर्ग इथे काळजी करण्याजोगा नाही. काळजी पुडीची घ्यायची. ती श्वासात किंवा पोटात जाऊ नये, म्हणून हातमोजे आणि मास्क घालून पंखा बंद करून तोला, एकदाच डबीत भरा आणि झाकण चिकटपट्टीने सील करा. पुढची सगळी मोजणी बंद डबीवरच करायची. धातूचा तुकडा कानसू नका. त्याचा कीस पेट घेऊ शकतो.

पार्श्वभूमी आधी

पार्श्वभूमी म्हणजे नमुन्याविनाही येणारी टकटक. नमुना कपाटात, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा आणि काउंटर रिकामाच चालू करा. पसरट नळीचा काउंटर साधारणपणे मिनिटाला ३० ते ६० टकटकी देतो. एक मिनिट मोजून समाधान मानू नका. मोजणीतली अनिश्चितता एकूण टकटकींच्या वर्गमुळाइतकी असते: ४० टकटकींत ६ चा गोंधळ, म्हणजे १६ टक्के, तासाभरात जमलेल्या २,४०० टकटकींत ४९ चा, म्हणजे दोनच टक्के.

समजा पार्श्वभूमी तासाला २,४०० निघाली, म्हणजे मिनिटाला ४०.० ± ०.८. मग नमुना ठेवून अर्ध्या तासात ३,९०० मिळाल्या, म्हणजे १३०.० ± २.१. फरक ९०. दोन्ही अनिश्चितता वर्ग करून मिळवा आणि वर्गमूळ घ्या: ९०.० ± २.२. वहीत हा ± लिहिलेला नसेल तर तो आकडा नंतर कशाशीही ताडून पाहता येत नाही.

आता रेडॉन. बंद खोलीत रात्रभरात तो साचतो आणि दारे-खिडक्या उघडल्या की उतरतो. पार्श्वभूमी सकाळी आणि नमुना दुपारी, असे मोजले तर दोघांच्या फरकात ल्युटेशियम किती आणि हवापालट किती हे कुणालाच सांगता येणार नाही. यावर साधा तोडगा म्हणजे सँडविच: आधी पार्श्वभूमी, मग नमुना, मग पुन्हा पार्श्वभूमी. दोन पार्श्वभूमींतला फरक अनिश्चिततेच्या दुपटीहून जास्त आला तर तो दिवस सोडून द्या.

गायगर काउंटरने बीटा मोजणे

काउंटर पातळ अभ्रकी खिडकीचा हवा. पूर्ण बंद धातूच्या नळीचे स्वस्त काउंटर बहुतेक बीटा कण आत येऊच देत नाहीत. पसरट नळी चांगली, पण तिच्या खिडकीला बोट, टोक, टाचणी काही लागू देऊ नका. अभ्रक तडकले की नळीतला वायू गेला आणि नळीही गेली. खिडकी आणि नमुना यांत ५ मिलिमीटर अंतर राहील अशी पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची चौकट करा. हाताने धरून मोजाल तर दर वेळी अंतर बदलेल, आणि इतक्या जवळून दोन मिलिमीटरचा फरकही आकड्यात ठळक दिसतो.

बीटासाठी डबीचे जाड झाकण चालत नाही. थोडी पूड उथळ बशीत पसरा आणि वरून स्वयंपाकघरातली पातळ पारदर्शक फिल्म ताणून बसवा. मग तीन मोजण्या करा.

१. रिकामी बशी, फिल्मसकट.
२. पूड असलेली बशी.
३. तीच बशी, मधे १ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा.

ल्युटेशियमच्या बीटा कणांची ऊर्जा जास्तीत जास्त ५९५ केईव्हीच्या आसपास असते. एवढ्या ऊर्जेचे कण ॲल्युमिनियमच्या पाऊण मिलिमीटरभर थरात थांबतात, त्यामुळे पत्र्यातून पार होते ते जवळपास सगळे गॅमा. दुसऱ्या आणि तिसऱ्या मोजणीतला फरक हा बीटाचा वाटा. गायगर नळी गॅमाला जेमतेम दाद देते (शंभरात एखादाच पकडते), म्हणून पत्रा सरकवला की टकटक एकदम मंदावते. मंदावली नाही तर पत्रा नमुना पुरता झाकत नसेल, किंवा नमुन्यात दुसरेच काही असेल.

पूड वाढवली की टकटकही त्याच पटीत वाढेल, ही इथली नेहमीची चूक. दाट धातूत हे कण ०.२ मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत. एक ग्रॅमचा गोळा असो की दहा ग्रॅमचा, बीटा बाहेर येतो तो वरच्या सालीतून. तेव्हा गायगरवरून 'किरणोत्सर्ग आहे' एवढे खात्रीने सांगता येते, 'किती आहे' ते नाही.

वर्णपटाची मांडणी

'किती आहे' ते सांगायला हवा वर्णपट, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती किरण आले याचा आलेख. त्यासाठी हवा सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाचा डिटेक्टर, शक्यतो २ इंच व्यासाचा आणि २ इंच उंचीचा. त्याच्या मागे स्फटिकातल्या चमकेचा विद्युत पल्स करणारी फोटोमल्टिप्लायर नळी, तिला काही शे ते हजार व्होल्टचा पुरवठा आणि पल्सची उंची मोजून खणांत वाटणारा मल्टिचॅनल ॲनालायझर. संगणकाच्या साउंड कार्डावर चालणारी मोफत सॉफ्टवेअरही या कामाला पुरतात. उच्च दाबाची वायर चालू असताना काढू-घालू नका. स्फटिकाचे आवरण उघडू नका. सोडियम आयोडाइड ओल ओढून पिवळे पडते आणि मग सगळी शिखरे पसरट होतात.

डिटेक्टरभोवती शिसे रचा. ५ सेंटीमीटर जाडी असेल तर उत्तम, पण २-३ सेंटीमीटरनेही पार्श्वभूमी बरीच उतरते. मात्र शिशाला स्वतःची खोड आहे: गॅमा किरण आदळले की ते ७३ ते ८५ केईव्हीचे क्ष-किरण परत फेकते, आणि सोडियम आयोडाइडला ८५ आणि ८८ मधला फरक कळत नाही. शिसे उघडे ठेवले तर ८८ चे शिखर फुगलेले दिसते. शिशाच्या आतून १ मिलिमीटर कथलाचा आणि त्याच्या आत १ मिलिमीटर तांब्याचा पत्रा लावला की हा त्रास जवळजवळ मिटतो. शिसे हाताळल्यावर हात धुवा.

चालू करून अर्धा तास थांबा. स्फटिकाचा प्रकाश आणि नळीची पल्स मोठा करण्याची क्षमता दोन्ही तापमानावर हलतात, त्यामुळे गार असताना २९५ ला दिसलेले शिखर तासाभरात ३०७ वर सरकू शकते.

ऊर्जेची पट्टी ठरवायला निदान तीन खुणा घ्या. सीझियम-१३७ चा नियमात बसणारा छोटा बंद स्रोत असेल तर ६६२. पोटॅशियम क्लोराइडची अर्धा किलोची पिशवी डिटेक्टरला टेकवली की १,४६१. खालच्या टोकाला अमेरिशियम-२४१ चे ५९.५, हा स्रोत मिळवायला धूरसूचक यंत्र फोडू नका, आख्खे यंत्र जवळ ठेवले तरी शिखर येते. काही जण ल्युटेशियमच्याच २०२ आणि ३०७ वरून पट्टी लावतात. रोजची जुळवाजुळव म्हणून ते ठीक आहे, पण पहिल्यांदा ओळख पटवताना ज्याची ओळख पटवायची त्यालाच साक्षीदार करू नका.

शिखरे वाचणे

डबी स्फटिकावर ठेवून तासभर मोजा. डावीकडून उजवीकडे असे दिसायला हवे: ५५ च्या आसपास क्ष-किरणांचा उंचवटा, मग ८८, मग २०२ आणि ३०७ ची दोन ठसठशीत शिखरे. ११० ते १४० च्या दरम्यान एक बसका ढिगारा दिसतो. तो शिखर नव्हे; आसपासच्या वस्तूंवर आदळून मागे फिरलेले २०२ आणि ३०७ चे किरण तिथे जमतात.

८८ चे शिखर अपेक्षेपेक्षा खुजे असते. हा किरण ल्युटेशियम स्वतःच गिळून टाकते: धातूच्या ०.२ मिलिमीटरहून कमी थरात त्यातले निम्मे संपतात. २०२ च्या किरणांना निम्मे व्हायला साधारण एक मिलिमीटर लागतो, ३०७ च्या किरणांना अडीचएक. जाड गोळ्यात २०२ चे शिखर ३०७ च्या मानाने खुजे पडते. दोघांचे गुणोत्तर नमुन्यागणिक बदलले तर घाबरू नका, नमुन्याची जाडी तेवढी तपासा.

आता सर्वांत गमतीचा भाग. ३०७ च्याही उजवीकडे, ५०९ ला एक शिखर दिसेल. नवखा म्हणतो हे ५११, म्हणजे पॉझिट्रॉन आला (पॉझिट्रॉन, म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन, नष्ट होताना ५११ चे किरण निघतात). ल्युटेशियम-१७६ मधून पॉझिट्रॉन निघत नाही. २०२ आणि ३०७ चे किरण एकाच विघटनातून जवळजवळ एकाच क्षणी निघतात. दोन्ही स्फटिकात शिरले की डिटेक्टरला एकच मोठा पल्स दिसतो, २०२ अधिक ३०७, बरोबर ५०९. तिन्ही पकडले गेले तर ५९७. ८८ आणि ३०७ मिळून ३९५ होते, आणि त्याला लागूनच ४०१ केईव्हीचा खराखुरा पण अगदी क्वचित निघणारा किरण आहे, त्यामुळे तिथल्या शिखरावर भिस्त ठेवू नका.

बेरजेचे शिखर आहे की खरे, हे पाहायची युक्ती सोपी. डबी १० सेंटीमीटर दूर न्या. ३०७ चे शिखर कमी होईल, पण ५०९ त्याहून कितीतरी वेगाने वितळेल, कारण दोन किरण एकदम पकडण्याची शक्यता अंतराबरोबर दोनदा घटते. खरे ५११ असते तर ते ३०७ च्या जोडीनेच उतरले असते.

५८३ किंवा २,६१५ ला शिखर पार्श्वभूमीपेक्षा वाढले तर पुडीत थोरियमची भेसळ आहे. दुर्मिळ मृदा ज्या खनिजांतून काढतात त्यांत थोरियम असतोच, आणि शुद्धीकरणात कसूर झाली तर तो मागे राहतो. असल्या पुडीवर बेकरेलचा हिशेब करू नका, कारण थोरियम साखळीचे २३९ चे शिखर २०२ च्या खांद्यावर येऊन बसते.

बेकरेलपर्यंत

इथे डबी १० सेंटीमीटर अंतरावरच ठेवायची. जवळ ठेवली की मोजणी वाढते खरी, पण बेरजेपायी ३०७ च्या शिखरातून निसटणारे किरणही वाढतात आणि उत्तर गुपचूप कमी येते.

डिटेक्टरची कार्यक्षमता काढायला बेरियम-१३३ चा प्रमाणित स्रोत घ्या. त्याचे ३५६ चे शिखर ३०७ ला पुरेसे जवळ आहे आणि शंभर विघटनांत ६२ वेळा येते. स्रोतावरची तारीख पाहून आजची किरणोत्सारिता काढा. अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) साडेदहा वर्षांचे आहे, जुना स्रोत निम्म्यावरही आलेला असू शकतो. समजा आज तो १०,००० बेकरेल आहे आणि १० सेंटीमीटरवरून शिखरात सेकंदाला ६२ मिळतात. निघाले ६,२००, पकडले ६२: एक टक्का. ३०७ ला कार्यक्षमता जराशी जास्त, १.०५ टक्के धरू. पोटॅशियमच्या १,४६१ वरून हा आकडा काढू नका. तिथे स्फटिक फारच कमी पकडतो.

मग १० ग्रॅम पुडीची डबी त्याच जागी ठेवून दोन तास मोजा. ३०७ च्या शिखरासाठी २७० ते ३४५ चा पट्टा घ्या, दोन्ही टोकांच्या उंचीला जोडणारी सरळ रेघ ओढा आणि तिच्या वरचेच क्षेत्र मोजा. रेडॉनच्या साखळीची २९५ आणि ३५२ ची शिखरे याच पट्ट्यात लुडबुडतात, म्हणून रिकाम्या डबीवर तेवढाच वेळ तीच रेघ ओढून आलेले क्षेत्र वजा करा. समजा हाती आले सेकंदाला ३.९. भागिले ०.०१०५, भागिले ०.९४: सुमारे ३९५ बेकरेल. पण १० ग्रॅम ऑक्साइडात ८.७९ ग्रॅम ल्युटेशियम, म्हणजे अपेक्षा ४५७ ची.

उरलेले कुठे गेले? पुडीनेच खाल्ले. हा वाटा तक्त्यातून उचलण्यापेक्षा मोजलेला बरा. त्याच डबीत, तोच तळ राखून, २.५, ५ आणि १० ग्रॅमवर मोजा आणि प्रत्येकासाठी ग्रॅममागे सेकंदाला किती ते आलेखावर मांडा. बिंदू उजवीकडे उतरत जातील. त्यांच्यातून गेलेली रेघ शून्य ग्रॅमकडे लांबवली की शोषण नसते तर काय मिळाले असते ते कळते. पुडीची डबी हलवून थर वाकडा झाला तर बिंदू रेघ सोडतात, म्हणून प्रत्येक वेळी टेबलावर हलकेच टकटक करून थर सपाट करा. १० चौरस सेंटीमीटर तळाच्या डबीत १० ग्रॅमला साधारण बारा टक्के घट येते. ३९५ ला ०.८८ ने भागले की ४४९, आणि ८.७९ ने भागून ग्रॅमला ५१ बेकरेल.

इथून अर्धायुष्य एका ओळीत निघते. एक ग्रॅम ल्युटेशियममध्ये ल्युटेशियम-१७६ चे ८.९५ × १०^१९ अणू असतात. त्याला ०.६९३ ने गुणून ५१ ने भागा: १.२२ × १०^१८ सेकंद, म्हणजे ३,८५० कोटी वर्षे. मान्य आकडा ३,७०० कोटींच्या आसपास. पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे आहे, तेव्हा तिच्या जन्मावेळच्या ल्युटेशियम-१७६ पैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अजून शाबूत आहे. तुमच्या डबीतलेही त्यातलेच.

तुमचे उत्तर पाच-सात टक्क्यांनी चुकले तर पुढील क्रमाने शोधा: अंतर, बेरियमची तारीख, शोषणाची रेघ, पुडीतला ओलावा. प्रयोगशाळांनी गेल्या काही दशकांत जाहीर केलेली याच समस्थानिकाची अर्धायुष्ये ३,५०० ते ४,१०० कोटी वर्षांपर्यंत पसरलेली आहेत, आणि त्या पसाऱ्याच्या मुळाशीही बेरजेची शिखरे आणि नमुन्याचे स्वतःचे शोषण हेच वाद आहेत.